एका बाजूचा चेहरा

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात घरी आला होता. महाविद्यालयात त्याने मराठी विषय घेतला होता, पण जीव रमला तो चित्रांत, आणि आता तो संगणकावर मूर्ती घडवतो. चहा होण्याआधीच त्याने पिशवीतून दोन छापील चित्रे काढून टेबलावर ठेवली. दोन्ही शिवाजी महाराजांची होती. "सर, यांतलं अस्सल कोणतं म्हणायचं? आणि एखादं समोरून काढलेलं मिळेल का? बाजूचं आहे माझ्याकडे, समोरचं नाही. समोरचं नसेल तर जाळी कशी विणू?"

या प्रश्नाचे पहिले दोन भाग इतिहासाचे आहेत आणि त्यांवर बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. तिसरा भाग आम्हांला नवा होता. त्याला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही जे वाचले आणि जे आठवत गेलो, त्यातून हा लेख झाला. संगणकावरील शिल्पकलेविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी का वाचावे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्या शंकेचे उत्तर लेखातच कुठेतरी सापडेल, अशी आशा आहे.

प्रथम जाळी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संगणकावर मूर्ती घडवणारा माणूस थेट मातीसारखा गोळा घेऊन बसतोच असे नाही. बहुधा तो आधी एक भरड देह तयार करतो. काही शे चौकोन एकमेकांना कडांनी जोडलेले असतात आणि त्यांतून डोके, धड, हातपाय एवढेच ओळखू येते. याला या व्यवसायात 'बेस मेश' म्हणतात. आपण पायाजाळी म्हणू. मग संगणक प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन करतो, त्या चारांचे सोळा. सहाशे चौकोनांची जाळी अशी सहा वेळा विभागली की २४,५७,६०० चौकोन होतात, आणि तेवढ्या दाट पृष्ठभागावर सुरकुती, भुवईचा केस, अंगरख्याची चूण कोरता येते. विभागताना पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा यासाठी लागणारे गणित एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडले, आणि आजही मुख्यतः तेच वापरात आहे.

पायाजाळी येते कुठून? जुनी रीत रेखाटनातून. एकाच देहाचे समोरचे आणि बाजूचे चित्र काढायचे आणि संगणकातल्या रिकाम्या अवकाशात ती दोन चित्रे खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींसारखी काटकोनात उभी करायची. मध्ये एक ठोकळा ठेवून त्याचे कोपरे ओढत न्यायचे. समोरून पाहताना ते एका चित्राच्या रेषेवर बसले पाहिजेत आणि बाजूने पाहताना दुसऱ्याच्या. डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती चौकोनांची वर्तुळे फिरवायची, कारण तिथले स्नायू तसेच फिरतात. काम अर्ध्याच चेहऱ्याचे करायचे. उरलेला अर्धा आरशाच्या आज्ञेने आपोआप उमटतो. या आरशाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

हे ऐकायला सोपे वाटते. अडचण अशी की चित्रकाराने काढलेली दोन चित्रे क्वचितच एका देहाची असतात. समोरच्या चित्रात नाकाचा शेंडा जिथे येतो तिथे बाजूच्या चित्रात तो येत नाही; कान बोटभर वर सरकलेला असतो. प्रत्येक चित्र स्वतःपुरते सुंदर असते, पण दोघांची साक्ष जुळत नाही. मग जाळी विणणाऱ्याला न्यायाधीश व्हावे लागते.

एकलहऱ्यात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट विशेष खटकावी, यात नवल नाही. ते सगळे गावच कागदावरच्या रेषांतून उभे राहिलेले आहे. १९७०-७१ मध्ये तिथे १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन. पहिले दोन २०११ मध्ये निवृत्त झाले. अशा केंद्राचा प्रत्येक नळ, प्रत्येक पाते आधी नकाशावर असते. वरचे, समोरचे, बाजूचे, अशी तीन दर्शने, आणि तिन्ही एकमेकांशी मिलिमीटरपर्यंत प्रामाणिक. आमच्या विद्यार्थ्याचे वडील तिथे फिटर होते. नकाशात जे आहे ते लोखंडात असलेच पाहिजे, ही त्या घरातली जवळजवळ धार्मिक श्रद्धा.

तीन दर्शनांच्या या शिस्तीला शास्त्राचे रूप दिले ते गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. किल्ल्याची तटबंदी कुठे किती उंच ठेवावी, हा मेझिएरच्या लष्करी शाळेतला प्रश्न त्याने आकडेमोडीऐवजी रेखाटनाने सोडवला. ही युक्ती पुष्कळ वर्षे लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली होती. १७९५ मध्ये त्याने पॅरिसला तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली. त्याच्याही तीनशे वर्षे आधी पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने मानवी डोक्याचे आडवे छेद घेऊन त्यावरच्या बिंदूंना क्रमांक दिले होते आणि ते बिंदू एका दर्शनातून दुसऱ्यात नेले होते. आजच्या पायाजाळीशी त्या आकृत्यांचे साम्य पाहून क्षणभर थबकायला होते. पण पिएरोच्या डोक्यात आणि मोंझच्या तटात एक गोष्ट समान आहे. दोघांनाही सर्व बाजू माहीत होत्या, किंवा त्या ठरवण्याचा अधिकार तरी होता. पाते बनवणाऱ्या अभियंत्यालाही तो असतो. ज्या माणसाची एकच बाजू उरली आहे, त्याचे काय?

याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. एकलहऱ्याहून गोदावरीच्या काठाने खाली गेले की सिन्नर तालुक्यात, दारणेच्या संगमाजवळ, जोगलटेंभी लागते. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव सांगणारा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. सातवाहनांच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात तो येतो, त्यामुळे इथे त्याचा विस्तार करत नाही.

आम्हांला वेगळी गोष्ट सांगायची आहे. या नाण्यांवर नहपानाचा चेहरा आहे, आणि तो एका बाजूने आहे. ग्रीक-रोमन नाण्यांची ती रीत पश्चिमेकडून आली. मौज अशी, की सगळ्या नाण्यांवर नाव एकाचेच आणि चेहरे अनेक. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला, कुठे नाक सरळ तर कुठे बाकदार. रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हापासून अभ्यासकांना हे कोडे आहे. एकाच राजाची निरनिराळी वये, एकाच घराण्यातली निरनिराळी माणसे, की ठसा कोरणाऱ्यांना मूळ माणसाशी काही देणेघेणेच नव्हते? आणि त्यावर गौतमीपुत्राचा शिक्का असा बसला आहे की कित्येक नाण्यांवर तीन कमानींची टेकडी थेट नहपानाच्या गालातून वर येते. जेत्याने स्वतःचा चेहरा तिथे उमटवला नाही. टेकडी आणि उज्जैन चिन्ह, एवढ्यावर भागवले.

आता कल्पना करा की कुणी या नाण्यावरून नहपानाचे डोके घडवायला बसले आहे. नाक आणि हनुवटी यांची बाह्यरेषा नाण्याने दिली. दोन डोळ्यांतले अंतर दिले नाही. जबड्याची रुंदी दिली नाही. कपाळ समोरून चौकोनी की निमुळते, ते दिले नाही. म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण ज्यावरून ओळखतो, त्यातले बरेचसे या चित्रात नाही. नाण्याला उठाव आहे, ते अगदी सपाट नाही. पण तो उठाव फसवा आहे, कारण ठसा कोरणाऱ्याने खोली मोजलेली नसून सुचवलेली असते. एका बाजूच्या चेहऱ्यावरून जी जाळी विणली जाईल तिचा निम्म्याहून अधिक भाग विणणाऱ्याचा असेल.

आपल्या परंपरेला हा प्रश्न माहीत नव्हता असे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेयाला प्रतिमा घडवण्याविषयी विचारतो, आणि मार्कंडेय त्याला सांगतो की चित्रसूत्र कळल्याशिवाय प्रतिमालक्षण कळणार नाही. चित्रसूत्रासाठी नृत्य हवे, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. हा संवाद आपण सौंदर्यशास्त्राच्या तासाला कलांच्या परस्परसंबंधाचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. पण त्याचा पहिला दुवा शब्दशः घेतला तर तो कारागिराचा नियम आहे: आधी सपाटावर काढता आले पाहिजे, मग घन. चित्रसूत्रात पुढे देहाची नऊ स्थाने सांगितली आहेत, अगदी समोरून पाहिलेल्या ऋज्वागतापासून तिरक्या, बाजूच्या आणि पाठमोऱ्या देहापर्यंत. त्याबरोबर येतो क्षयवृद्धीचा विचार: देह वळला की कोणता अवयव किती घटतो आणि कोणता किती वाढतो. एका देहाची अनेक चित्रे परस्परांशी जुळवण्याची ही विद्या आहे. फरक एवढाच की शास्त्रातल्या देवतेला तालमान आहे. तिचे प्रमाण आधीच ठरलेले असल्यामुळे न दिसणारी बाजूही ठरलेली असते. इतिहासातल्या माणसाला तालमान नसते.

म्हणून शिवाजी महाराजांच्या मूर्तीचा प्रश्न अवघड होतो. सतराव्या शतकातली आणि त्याच्या लगतची जी चित्रे युरोपातल्या संग्रहांत राहिली, त्यांतली आम्ही पाहिलेली चित्रे चेहरा बाजूने किंवा तिरका दाखवणारी आहेत. मनुचीच्या संग्रहातले, मीर महंमदाने काढलेले घोड्यावरचे चित्र असो किंवा डच संग्रहांतली चित्रे असोत, दख्खनी आणि मुघल चित्रकाराला राजाचा चेहरा बाजूने काढण्यातच त्याचा मान दिसत असे. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी डच संग्रहातले चित्र महाराष्ट्रापुढे आणले; त्यापूर्वी महाराजांचे म्हणून प्रचारात असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे आहे, हेही त्यांनी दाखवले. आज घरोघरी जो चेहरा आपण महाराजांचा म्हणून ओळखतो, त्याच्यामागे बेंद्र्यांचे हे श्रम आहेत.

परंतु १९३३ च्या पाच वर्षे आधीच महाराज ब्राँझमध्ये उभे राहिले होते. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला विनायक पांडुरंग करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी त्यांनी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज रंगवले होते आणि कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले, म्हणून त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जायला मिळाले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. म्हणजे भिंतीवरचा सपाट घोडा ते पुण्याचा भरीव घोडा, हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात घडला.

भिंतीवरच्या घोड्याला एक बाजू पुरते. पुण्याच्या पुतळ्याभोवती माणूस फिरतो. मागून दिसणारी मान, खालून दिसणारी हनुवटी, समोरून दिसणारे दोन्ही डोळे यांची उत्तरे देण्याचे शिल्पकाराला टाळता येत नाही. करमरकरांनी ती दिली, आणि बेंद्र्यांचे चित्र येण्यापूर्वी दिली. इतिहासकाराला 'उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही' असे लिहून परिच्छेद संपवता येतो. शिल्पकाराला डाव्या गालाच्या जागी भोक ठेवता येत नाही.

इथे शाडूत काम करणाऱ्या शिल्पकाराची आणि संगणकावरच्या शिल्पकाराची रीत ताडून पाहण्यासारखी आहे. शाडूवाला आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतो आणि त्यावर माती चढवतो. आतून बाहेर. मातीला वजन असते, ती ढासळते, म्हणून पहिला निर्णय तोलाचा असतो: भार कोणत्या पायावर, कणा कुठे वाकला. जाळीला वजन नाही, जाडी नाही, आत काहीच नाही. ती फक्त त्वचा आहे. तिचा पहिला निर्णय बाह्यरेषेचा असतो. चित्रावरून थेट जाळीकडे जाणारा माणूस बाह्यरेषेकडून बाह्यरेषेकडे जातो आणि कणा मध्येच राहून जातो. नवख्यांच्या मूर्ती वाऱ्याने फुगवल्यासारख्या दिसतात त्याचे कारण आम्हांला हे वाटते. २००४ च्या झेडब्रशमध्ये मण्यांची माळ ओवून आधी सांगाडा करण्याची आणि मग त्यावर कातडे चढवण्याची सोय आली. ती आणणाऱ्यांना शाडूची आठवण झाली असावी.

फुगण्यावरून आठवले. १९९९ मध्ये ताकेओ इगाराशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टेडी' नावाची प्रणाली जगापुढे ठेवली. तीत हाताने एक बंद रेषा काढायची, आणि संगणक तिचा घन आकार करी. नियम साधा: रेषेच्या आतला भाग जिथे रुंद तिथे आकार जाड, जिथे अरुंद तिथे बारीक. ससा, अस्वल, बाहुली यांना तो नियम शोभून दिसतो. माणसाच्या तळहातावर तोच चालवला तर त्याची पुरी होते.

याहून जुनी आणि आम्हांला अधिक आवडलेली गोष्ट एका चहादाणीची. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांना संगणकचित्रासाठी घरगुती वस्तू हवी होती. पत्नीच्या सुचवण्यावरून त्यांनी घरातली चहादाणी समोर ठेवली, आलेखाच्या कागदावर तिची बाजूची आकृती काढली आणि त्या रेषांचे बिंदू संगणकात घातले. ती पुढे जगभरच्या संगणकचित्रकलेची कुलदेवता झाली. तिच्या मूळ आकड्यांत एक उणीव होती. चहादाणीला बूड नव्हते. वस्तू समोर टेबलावर होती, उचलून पाहता आली असती. पण बाजूच्या चित्रात बूड दिसत नाही, आणि चित्रात जे दिसले नाही ते जाळीत आले नाही. आम्हांला ही उणीव फार प्रामाणिक वाटते. न्यूएल यांनी न पाहिलेल्या बुडाच्या जागी काही रचून ठेवले नाही.

त्याच १९९९ मध्ये, 'टेडी'बरोबरच, फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी याच्या नेमके उलटे काम केले. एका छायाचित्रावरून संपूर्ण घन चेहरा. न दिसणारा भाग भरायचा कशाने? जर्मनीत २०० तरुण स्त्रीपुरुषांचे चेहरे यंत्राने मोजून ठेवले होते, त्यांच्या मिश्रणाने. आज एका चित्रावरून काही क्षणांत जाळी देणाऱ्या प्रणाली सर्रास वापरात आहेत. त्यांच्यामागची उदाहरणे शेकड्यांऐवजी लाखोंनी मोजावीत इतकी वाढली, पण तत्त्व तेच राहिले: जे दिसत नाही तिथे इतरांची सरासरी. अशा प्रणालीला नहपानाचे नाणे दिले तर ती कुरकुर न करता समोरचा चेहरा देईल. तो कुणाचा, हे तिला कुणी विचारणार नाही. त्याच्या पृष्ठभागावर शिवणीची खूणही नसेल, की इथवर नाणे आणि इथून पुढे सरासरी.

आमचा आक्षेप भर घालण्याला नाही. करमरकरांनी भर घातली, चित्रसूत्राने भर घालण्याचे नियम दिले. ओवीचा अन्वय लावताना आपणही गाळलेले क्रियापद भरतो आणि 'तो' म्हणजे कोण ते ठरवतो. त्याशिवाय अर्थ उभा राहत नाही. आक्षेप भर कुणाची आहे हे न कळण्याला आहे. पाठचिकित्सा करणारा संपादक आपण घातलेले अक्षर कंसात ठेवतो. जाळीत कंस नसतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी आम्हांला विद्यार्थ्याकडूनच कळली. पुष्कळ नवखे कलाकार पायाजाळी विणतच नाहीत. तयार जाळ्या मिळतात: पुरुष, स्त्री, बालक. त्या उतरवून घ्यायच्या आणि त्यावर मिशी, पगडी, अंगरखा चढवायचा. वर चोवीस लाख चौकोनांचे कोरीवकाम मराठी असते, खाली सहाशे चौकोनांची कवटी कुठल्यातरी परदेशी व्यायामपटूची. संभाजी महाराज, तानाजी, बाजीप्रभू, सगळ्यांचे खांदे एकाच मापाचे का दिसतात, याचे आमच्यापुरते तरी समाधान झाले. पहिला भरड निर्णय पुढे कधीच पुसला जात नाही. तो झाकला जातो.

उलटा मार्गही आहे, तो नमूद केला पाहिजे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी ओलांडून गेले. त्यांनी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा, २०१८ मध्ये उभा राहिलेला पुतळा घडवला तो आधी हाताने, लहान आकारात. संगणकाची जाळी नंतर आली, तयार मूर्ती मोजून मोठी करण्यापुरती. तिथे छायाचित्रांतून देहाकडे जाण्याचा निर्णय मातीत झाला होता. पटेलांची छायाचित्रेही सर्व बाजूंनी उपलब्ध होती. महाराजांच्या बाबतीत ती सोय नाही.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही समोरचे चित्र देऊ शकलो नाही. बेंद्र्यांचे पुस्तक दिले आणि युरोपातल्या संग्रहांतल्या चित्रांच्या छापील प्रती दिल्या. महिन्याभराने तो संगणक घेऊनच आला. तयार जाळी त्याने टाकून दिली होती. दोन तिरक्या चित्रांवरून, एका बाजूच्या चित्रावरून, असे करत त्याने स्वतः जाळी विणली होती, आणि तिच्यात दोन रंग ठेवले होते. चित्रांनी दिलेला भाग मातकट. त्याने स्वतः भरलेला भाग करडा. डावा गाल, कपाळाची रुंदी, मानेचा मागचा भाग, सगळे करडे. मातकट भाग आम्हांला वाटला होता त्याहून पुष्कळच लहान निघाला.

"आरसा लावला नाहीस?" आम्ही विचारले.

"नाही सर. आरसा लावला की दोन्ही गाल एकसारखे होतात, आणि मग करडा भाग खरा वाटायला लागतो."

ज्यांनी काम सांगितले होते त्यांना मूर्ती एकरंगी हवी होती, आणि ती तशी गेलीही. दुरंगी जाळी त्याच्याकडेच आहे. सध्या तिच्यात कानाची जागा बदलावी की नाही, यावर त्याचे आणि आमचे एकमत झालेले नाही.